रुग्णशय्येजवळचा विरंगुळा

इस्पितळांतील भेटीची वेळ घड्याळानें तास-दोन तासांचीच असते. परंतु खाटेजवळच्या स्टुलावर बसलेल्या माणसास ती पुष्कळ वेळां फार लांब वाटते. मुलगा किंवा मुलगी कामावरून धांवतपळत येते. "आज कसें वाटतें, आई?" असा प्रश्न होतो. "बरें आहे," असें उत्तर मिळतें. डॉक्टर काय म्हणाले, ताप किती होता, जेवण गेलें कीं नाहीं, एवढी चौकशी पांच मिनिटांत संपते. पुढें दोघांनाहि विषय सुचत नाहीं. घरच्या अडचणी सांगाव्या तर आजाऱ्यास काळजी लागेल. आजाराविषयीं बोलावें तर तें त्यास नकोसें झालेलें असतें. अशा वेळीं भेटीस आलेल्याचा हात नकळत खिशांतील मोबाईलकडे जातो. मान खालीं जाते, मुखावर मधूनमधून हंसूं उमटतें, आणि खाटेवरचें माणूस कधीं छताकडे तर कधीं त्या हंसणाऱ्या मुखाकडे पाहत राहतें.

ह्या प्रकारास दोष देणें सोपें आहे. तथापि तोच मोबाईल विचारानें वापरला तर रुग्णशय्येजवळचें तें एक उत्तम साधन होऊं शकतें. इंटरनेटच्या जाळ्यांत मौजेच्या गोष्टींचा सांठा अपरंपार आहे. प्रश्न इतकाच कीं, ती मौज कोणासाठीं? स्टुलावर बसलेल्यासाठीं, कीं खाटेवर पडलेल्यासाठीं? विरंगुळ्याचा गुण आणि दोष हीं दोन्हीं ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

हा प्रश्न मोबाईलबरोबर जन्मास आलेला नाहीं. क्रिमियाच्या युद्धांत जखमी शिपायांची शुश्रूषा करून नांवाजलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालीं रुग्णशुश्रूषेवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांतील एक प्रकरण केवळ पालटाविषयीं आहे. निरोगी मनुष्याच्या मनांत नकोसा विचार आला तर तो उठून बाहेर जातो, चार लोकांत मिसळतो, हातीं कांहीं काम घेतो. आजाऱ्यास यांपैकीं एकहि उपाय मोकळा नसतो. त्याच भिंती, तेंच छत आणि तेच विचार, यांत तो कोंडलेला असतो. यास्तव पालट कोणीतरी बाहेरून त्याच्यापाशीं आणून द्यावा लागतो, मग तो रंगीत फुलांचा एखादा गुच्छ कां असेना. भेटीस येणाऱ्यानें रुग्णास मान वळवावी लागणार नाहीं अशा जागीं, त्याच्या दृष्टीसमोर बसावें, ही सूचनाहि त्याच पुस्तकांतील आहे.

त्याच पुस्तकांत आणखी एक मार्मिक निरीक्षण आहे. कित्येक लोक रुग्णाच्या खोलींत बसून स्वतःशींच पुस्तक वाचतात आणि मधेंच एखादा गमतीचा तुकडा मोठ्यानें वाचून दाखवितात. ही संवय अत्यंत अविचाराची होय, असा बाईंचा अभिप्राय आहे. दोन तुकड्यांमधील शांततेंत रुग्णानें काय करावें, हा विचार वाचणाऱ्याच्या मनास शिवतच नाहीं. पुस्तकाच्या जागीं मोबाईल घातला, तर दीडशें वर्षांहून जुनें हें निरीक्षण आजच्या कोणत्याहि वॉर्डास तंतोतंत लागू पडतें.

रुग्णाच्या डोळ्यांसमोर काय आहे, याचा त्याच्या प्रकृतीवर परिणाम होतो काय, हें पुढें शास्त्रीय रीतीनेंहि तपासण्यांत आलें. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांतामधील एका इस्पितळांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळांतील नोंदी रॉजर उल्रिच या संशोधकानें अभ्यासिल्या. कांहीं खाटांच्या खिडकींतून झाडें दिसत. कांहींच्या खिडकींतून केवळ विटांची भिंत. वय, लिंग इत्यादि बाबतींत सारखे असे रुग्ण निवडून त्यानें त्यांच्या तेवीस जोड्या लावल्या. झाडें दिसणाऱ्यांस तीव्र वेदनाशामक औषधें कमी लागलीं, आणि ते सरासरीनें सुमारें पाऊण दिवस आधीं घरीं गेले. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान आहे हें खरें. परंतु खिडकी ही केवळ हवेसाठीं नसते, हें त्यानें वैद्यकाच्या ध्यानीं आणून दिलें. ज्या खाटेस खिडकी नाहीं, तिच्यापाशीं मोबाईलची लहानशी चौकट खिडकीचें थोडें काम करूं शकेल, अशी आशा बाळगण्यास यामुळें जागा मिळते.

मन दुसरीकडे गेलें म्हणजे दुखणें कमी कां वाटतें, याचाहि उलगडा बराचसा झालेला आहे. १९६५ सालीं रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनीं अशी उपपत्ति मांडली कीं, दुखऱ्या भागाकडून निघालेला संदेश मेंदूकडे सरळ जात नाहीं. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूमध्यें जणूं एक दार आहे. तें कधीं अधिक उघडतें, कधीं कमी. आणि मेंदूकडून खालीं येणारे संदेशहि तें ओढून घेऊं शकतात. भीति आणि एकटेपणा यांनीं वेदना वाढते. लक्ष अन्यत्र गुंतल्यानें ती ओसरते. या उपपत्तींतील तपशील पुढें बदलले, पण मुख्य मुद्दा टिकून राहिला. अमेरिकेंतील सिॲटल येथें भाजलेल्या रुग्णांच्या जखमा धुतांना त्यांच्या डोळ्यांवर एक यंत्र चढवून त्यांस बर्फाच्या काल्पनिक प्रदेशांत नेण्याचे प्रयोग झाले. तेथें रुग्ण बर्फाचे गोळे फेंकण्यांत गुंतला म्हणजे वेदना कमी झाल्याचें तो स्वतःच सांगत असे. औषध बंद केलें होतें असें नव्हे. औषधाच्या जोडीस हा विरंगुळा होता.

हंसण्याविषयीं नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाची हकीकत प्रसिद्ध आहे. १९६४ सालीं त्यास सांध्यांचा अत्यंत वेदनामय विकार जडला. त्यानें खोलींत प्रक्षेपणयंत्र आणवून विनोदी चित्रपट पाहण्यास आरंभ केला. दहा मिनिटें पोट धरून हंसल्यावर दोन तास वेदनेवांचून झोंप लागते, असें त्यानें १९७९ सालीं निघालेल्या आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे. ही एकाच मनुष्याची स्वतःची साक्ष आहे. हंसण्यानें रोग बरा होतो, असें तीवरून सिद्ध होत नाहीं. पण दोन तासांची झोंप हीहि आजाऱ्याच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. त्या हंसण्याचा इतर रुग्णांस उपद्रव होत असे, हेंहि त्यानें प्रांजळपणें लिहिलें आहे.

आईबाप वृद्ध असले तर विरंगुळ्यास याहून गंभीर महत्त्व येतें. घरीं अगदीं शहाणपणानें वागणारीं वृद्ध माणसें इस्पितळांत दोनतीन दिवसांतच एकाएकीं भ्रमिष्टासारखीं वागूं लागतात. रात्रीस दिवस म्हणतात, मुलांस ओळखीत नाहींत, नसलेलीं माणसें पाहतात, सलाईनची नळी ओढतात. कधीं याच्या उलट तीं गुंगींत गेल्यासारखीं निमूट पडून राहतात. जुन्या लोकांच्या भाषेंत यास वात म्हणत. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. म्हातारचळ समजून त्याकडे दुर्लक्ष करणें घातक होय. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, कांहीं औषधें, शरीरांतील पाणी कमी होणें, झोंपमोड, अशीं अनेक कारणें त्याच्या मुळाशीं असूं शकतात. म्हणून तें लक्षण दिसतांच परिचारिकेस व डॉक्टरांस कळविलें पाहिजे.

हा प्रकार कांहीं अंशीं टाळतां येतो, हें अमेरिकेंतील न्यू हेवन येथें दाखविण्यांत आलें. शॅरन इनौये आणि त्यांचे सहकारी यांनीं सत्तर वर्षांवरील ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ सालीं प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांची नेहमींप्रमाणें शुश्रूषा झाली. उरलेल्यांच्या बाबतींत कांहीं साध्या गोष्टी नेमानें करण्यांत आल्या. चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशीं ठेवणें, वार व स्थळ यांची आठवण देत राहणें, शक्य तितक्या लवकर चालविणें, पुरेसें पाणी देणें, औषधावांचून झोंप लागावी अशी शांतता राखणें. आणि ज्यांस गरज होती त्यांच्याशीं दिवसांतून तीन वेळां ताज्या बातम्यांवर बोलणें, जुन्या आठवणी काढणें किंवा शब्दांचे खेळ खेळणें. नेहमींच्या शुश्रूषेंत शंभरांपैकीं पंधरा रुग्णांस भ्रम झाला. दुसऱ्या गटांत तें प्रमाण दहाच्या किंचित् खालीं राहिलें. ह्या यादींत महागडें असें कांहींच नाहीं. त्यांतील शेवटच्या गोष्टी, म्हणजे बातम्या, आठवणी आणि खेळ, ह्या भेटीस येणाऱ्या मुलाच्या अगदीं हातच्या आहेत.

रुग्णापर्यंत बाहेरचें जग यंत्रानें आणून पोंचविण्याची कल्पना शंभर वर्षांची आहे. इंग्लंडांतील यॉर्क शहराच्या इस्पितळांत १९२५ सालीं रुग्णांसाठीं रेडिओची सोय करण्यांत आली. खाटेपाशीं कानास लावावयाचीं यंत्रें दिलेलीं होतीं, आणि त्यांतून प्रार्थना व खेळांचीं धावतीं वर्णनें ऐकूं येत. पुढें त्या देशांत इस्पितळांचीं अशीं अनेक केंद्रें निघालीं. त्या रेडिओंत एक गुण होता: वॉर्डांतील सर्वांनीं तोच सामना ऐकलेला असे, त्यामुळें शेजाऱ्याशीं बोलण्यास विषय मिळे. मोबाईल हा एकाच्या हातांत राहतो. म्हणून त्यांतील मौज दोघांची करून घेण्याचें काम मनुष्यानेंच करावें लागतें.

तें कसें साधावें, हें कांहीं उदाहरणांवरून स्पष्ट होईल. यूट्यूब ह्या चित्रफितींच्या प्रचंड भांडारांतील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजीं चढविली गेली. ती अवघी एकोणीस सेकंदांची आहे. सॅन डिएगो येथील प्राणिसंग्रहालयांत जावेद करीम नांवाचा तरुण, त्या कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक, हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडा फार लांब आहेत एवढेंच सांगतो. जगांतील अफाट करमणुकीचा आरंभ असा क्षुल्लक असावा, याचेंच प्रथम हंसूं येतें. ती पाहून झाल्यावर आईस गांवच्या जत्रेंतला किंवा सर्कशींतला हत्ती आठवला, म्हणजे एकोणीस सेकंदांतून अर्ध्या तासाचें बोलणें निघतें.

दुसरी हकीकत केंब्रिज विद्यापीठांतील कॉफीच्या भांड्याची. तेथील संगणकशाळेंत कॉफीचें यंत्र एकच होतें, आणि दूरच्या खोल्यांतून जिने चढउतार करून यावें तों भांडें रिकामें सांपडे. त्यावर उपाय म्हणून १९९१ सालीं त्या शास्त्रज्ञांनीं भांड्यासमोर कॅमेरा बसविला. आणि १९९३ पासून तें चित्र जगांतील कोणासहि इंटरनेटवर दिसूं लागलें. २००१ सालीं तो कॅमेरा बंद होईपर्यंत असंख्य लोकांनीं दुसऱ्याच्या कॉफीचें भांडें भरलें आहे कीं रिकामें, हें घरबसल्या पाहिलें. जन्मभर कचेरीच्या चहाची वाट पाहिलेल्या वडिलांस ही गोष्ट चटकन् पटते.

तिसरें उदाहरण अलास्कांतील अस्वलांचें. कॅटमाई राष्ट्रीय उद्यानांत ब्रूक्स नदीवर कॅमेरे लाविलेले आहेत. उन्हाळ्यांत अस्वलें धबधब्याशीं उभीं राहून उड्या मारणारे सामन मासे पकडतात, आणि हिंवाळ्यांतील दीर्घ निद्रेसाठीं अंगावर चरबी चढवितात. २०१४ पासून तेथें सर्वांत लठ्ठ अस्वल कोणतें, हें लोकांच्या मतांनीं ठरविण्याची गमतीची स्पर्धा शरद्‌ऋतूंत होते. मत इंटरनेटवरून कोणासहि देतां येतें. उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत सकाळचे नऊ वाजतात तेव्हां तेथें आदल्या दिवशींचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि ऊन असतें. म्हणून हा तमाशा सकाळच्या भेटीसच पाहावा. संध्याकाळीं पांच वाजतां उघडल्यास तेथें पहाटेचा काळोख सांपडेल. ज्यास पथ्याचें पातळ वरण मिळत आहे, त्या रुग्णानें लठ्ठ होण्याबद्दल बक्षीस मिळविणारें जनावर पाहावें, यांतहि एक विनोद आहेच.

मात्र परदेशच्या गमतींपेक्षां ओळखीच्या गोष्टी अनेकदां अधिक खोल जातात. पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाचीं ध्वनिमुद्रणें ऐकावयास मिळतात. 'म्हैस' ज्यांनीं पूर्वीं ऐकलेली आहे, ते पुढचें वाक्य येण्याआधींच हंसूं लागतात. आणि आजारानें अंगांतील शक्ति गेली तरी स्मरण शाबूत आहे, याचा त्यांस दिलासा मिळतो. एकादे वडील एस. टी. चे निवृत्त चालक असले, तर उपग्रहाच्या चित्रांचा नकाशा उघडून कशेडी किंवा कुंभार्ली घाटाचीं वळणें त्यांच्यापुढें धरावीं. "हें नव्हे, पुढचें वळण दाखव," असें ते म्हणाले, कीं भेटीस आलेल्यानें बोलावयाचें नसून ऐकावयाचें असतें. आतांपर्यंत ज्याची सर्वजण काळजी वाहत होते, तो मनुष्य त्या क्षणीं पुन्हां वाट दाखविणारा होतो. कोणत्याहि विरंगुळ्याचें याहून मोठें फळ नाहीं.

ह्या साधनास कांहीं मर्यादा आहेत. त्या पाळल्याच पाहिजेत. प्रथम रुग्णास विचारावें. पुष्कळ आईबाप मुलास बरें वाटावें म्हणून इच्छा नसतां पाहत राहतात. डोळे मिटूं लागले, उत्तरें तुटक झालीं, म्हणजे तें थांबविण्याचें चिन्ह समजावें. पोटाची शस्त्रक्रिया ताजी असतां फार हंसविणें टांक्यांस दुःखदायक होतें. हंसूं आलेंच तर उशी पोटाशीं धरण्यास सांगावें. घास किंवा पाण्याचा घोट तोंडांत असतां विनोद नको. आवाज बेताचा ठेवावा, कारण पलीकडच्या खाटेवरील मनुष्याचें दुःख निराळें असूं शकतें. कानांत घालावयाच्या ध्वनियंत्राची एक बाजू आईच्या कानांत व एक मुलाच्या कानांत, ही योजना सर्वांत बरी. यंत्र स्वच्छ पुसलेलें आणि हात धुतलेले असावे. रुग्णाचें अथवा शेजाऱ्याचें छायाचित्र काढून पाठविणें अनुचित होय. आजारावरील अचूक उपायांचे जे संदेश फिरत असतात, ते खाटेपाशीं वाचूंच नयेत. विरंगुळ्याच्या वेषांत आलेली ती नवी चिंता असते. आणि डॉक्टर आले म्हणजे मोबाईल बंद, हें सांगावयास नकोच.

शिवाय कित्येक दिवस असे येतात कीं रुग्णास कांहींच नको असतें. तेव्हां यंत्र खिशांत ठेवून नुसता हात हातांत घेऊन बसावें. बोलणें नाहीं आणि पाहणें नाहीं, म्हणून ती भेट वायां गेली असें नव्हे. आपल्याजवळ कोणी बसलेलें आहे, तें दुसरीकडे पाहत नाहीं, एवढें रुग्णास कळलें तरी पुरे आहे.

भेटीची वेळ संपल्याची घंटा होते तेव्हां निरोप घेणें दोघांसहि जड जातें. पुढील रात्र लांब असते, आणि आजाऱ्याच्या मनांत उद्यांविषयीं जे प्रश्न असतात ते बहुधा तपासण्यांचे व सुयांचे असतात. अनुभवी माणसें एक युक्ति करतात. कथा पुरी ऐकवीत नाहींत. थोडी राखून ठेवतात. नकाशावरील घाट अर्ध्यावर सोडतात. दोन अस्वलांपैकीं कोणतें जिंकलें, हें दुसऱ्या दिवसावर टाकतात. "आई, उरलेलें उद्यां," असें सांगून मुलगी दाराशीं जाते. तपासण्यांनीं भरलेल्या उद्यांच्या दिवसांत त्यामुळें वाट पाहण्याजोगी निदान एक गोष्ट शिल्लक राहते. आणि ती पुरी करण्यासाठीं उद्यां वेळेवर येण्याचें बंधन मुलीवरहि राहतें.